मांगं कोनी लागलं काय?

एक घोडा लंगडला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात 1955 पासून घोड्यांची एक शर्यत होते. तिला टेविस कप म्हणतात. लेक टाहोच्या बाजूनं निघायचं आणि डोंगरदऱ्या ओलांडत ऑबर्न गाव गाठायचं. शंभर मैल, एका दिवसात. हल्लीच्या घोड्याला एवढं झेपतं का, हे दाखवण्यासाठी वेंडेल रॉबी नावाच्या गृहस्थांनी ती सुरू केली. घोड्याला झेपलं. पूर्ण करणाऱ्या स्वाराला पट्ट्याचं चांदीचं बकल मिळू लागलं. घोड्याला काय मिळालं, ते घोड्याला ठाऊक.

गॉर्डी आइन्स्ली नावाचा धिप्पाड, दाढीवाला तरुण या शर्यतीत भाग घ्यायचा. 1973 साली त्याचा घोडा वाटेतच लंगडला आणि स्वारी संपली. आता घोडा लंगडला तर माणूस दुसरा घोडा बघतो, नाहीतर घरी जातो. आइन्स्ली 1974 साली आला तो घोड्याशिवायच, आणि घोड्यांबरोबर पळायला लागला. ऑगस्टातलं ऊन, खोल दऱ्या, शंभर मैल. 23 तास 42 मिनिटांत तो ऑबर्नला पोचला. माणसाला घोड्याची गरज नाही हे त्यानं सिद्ध केलं. गरज आहे असं तोपर्यंत कुणी म्हटलंही नव्हतं.

वेडेपणाला एकदा वाट सापडली की मागून गर्दी येते. पुढच्या वर्षी आणखी एकजण पळाला, पण शेवटचे दोन मैल उरले असताना त्यानं शर्यत सोडून दिली. 1976 मध्ये केन शर्क नावाचे सद्गृहस्थ डोक्यावर शिंगं लावून आले आणि साडेचोवीस तासांत पोचले. त्यांना सगळे ‘काउमॅन’ म्हणत. घोड्यांच्या शर्यतीत शिंगं लावून पळणारा माणूस बघून घोड्यांना काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार केला आहे. 1977 ला रीतसर स्पर्धा झाली. 14 जण निघाले, तिघांनी पूर्ण केली. त्या तिघांत एक राल्फ पॅफेनबार्गर होते. नियमित व्यायामानं हृदयविकार कमी होतो, हे हजारो माणसांची आकडेवारी मांडून जगाला पटवून देणारे संशोधक ते हेच. किती व्यायाम पुरेसा, हे मात्र त्यांनी स्वतःपुरतं फारच सढळ हातानं ठरवलेलं दिसतं. 1978 पासून शर्यतीला जूनमधली स्वतंत्र तारीख मिळाली आणि घोडे सुटले.

तिचं नाव वेस्टर्न स्टेट्स एन्ड्युरन्स रन. शंभर मैलांच्या डोंगरी शर्यतींची ही आद्य शर्यत. अंतर 161 किलोमीटर, चढ साधारण साडेपाच हजार मीटर, उतार सात हजार मीटर. उतार जास्त म्हटल्यावर आपल्याला बरं वाटतं. पण चढात फक्त दम जातो. उतारात मांड्या जातात, आणि त्या लवकर परत येत नाहीत.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो मामेसासरा या नात्यानं. माझी भाची सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहते. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या जावईबापूंचं, या शर्यतीच्या लॉटरीत नाव निघालं, आणि नेमका मी जूनमध्ये तिकडे होतो. जावई मूळचे पुण्याचे, म्हणजे उन्हाचा अनुभव बेताचाच. आम्ही अकोल्याचे. माझी थोरली बहीण, त्यांची सासूबाई, अजून अकोल्यातच असते. ती बातमी तिला मी फोनवर दिली. तिकडे जरा वेळ शांतता होती. मग तिनं विचारलं, “जवाई काहून पळून रायले? मांगं कोनी लागलं काय?”

मी म्हटलं, “नाही ताई, शर्यत आहे.”

“मंग बक्षीस किती हाय?”

बक्षीस म्हणजे पट्ट्याचं बकल. 24 तासांच्या आत पोचलात तर चांदीचं, 30 तासांच्या आत पोचलात तर ब्राँझचं. रोख काहीही नाही. पहिला येणाऱ्यालाही नाही. हे ऐकल्यावर ताईनं विषय बदलला आणि आंब्यांचा भाव सांगितला.

ताईचं चुकत नाही. विदर्भात माणसाची सगळी अक्कल मे महिन्यात उन्हापासून लांब राहण्यातच खर्च होते. 25 मेच्या सुमारास नवतपा लागतो, तेव्हा दुपारी बारा ते पाच या वेळात अकोल्याच्या रस्त्यावर जो दिसेल त्याच्या घरी कुणीतरी आजारी आहे असं समजायचं. कानाला दुपट्टा, खिशात कांदा, घरात माठ, खिडकीत कूलर, कैरीचं पन्हं, मठ्ठा, आणि या सगळ्यांच्या वर दुपारची झोप. खिशातल्या कांद्यानं ऊन लागत नाही याला शास्त्राचा पाठिंबा नाही. पण खिशात कांदा घेऊन माणूस निघतो तो सावलीसावलीनंच चालतो, हेही खरं.

जावईबापूंचं उलट. त्यांना ऊन लावून घ्यायचं होतं. शर्यतीच्या आधी तीन आठवडे ते ऑफिसातून आले की हिवाळ्यातलं जाकीट घालून दुपारी चार वाजता पळायला जात. शेजारची अमेरिकन आजी खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. गाडीत एसी बंद, काचा वर. आठवड्यातून काही दिवस जिममधल्या सॉनामध्ये ते वीस-पंचवीस मिनिटं बसून येत. सॉना म्हणजे लाकडी खोली, आत सत्तर-ऐंशी अंश उष्णता, आणि त्याची महिन्याची फी.

यात तथ्य आहे, आणि ते मला जावयांनीच समजावून सांगितलं. दहा-चौदा दिवस रोज गरम हवेत अंग तापवलं की शरीर बदलतं. रक्तातला पातळ भाग वाढतो. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. मी हे सगळं ताईला कळवलं. ती म्हणाली, “हे तं आमचं दर वर्षी आपोआप होते. फी नाई लागत.”

आणि 38 अंश! दऱ्यांमध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जातो, असं तिथे सगळे आवाज खाली आणून सांगत होते. शंभर फॅरनहाइट म्हणजे 38 सेल्सियस. 38 ला आम्ही मार्च म्हणतो. मी हे जावयांना बोलून दाखवलं, तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, “मामा, पण मार्चमध्ये तुम्ही पळत नाही.”

हा मुद्दा बिनतोड होता. बसलेल्या माणसाचं ऊन आणि पळणाऱ्याचं ऊन वेगळं. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा पाय हलवण्यात जातो, उरलेली सगळी उष्णता होते. म्हणजे बाहेर 38 आणि आत भट्टी. ती बाहेर टाकायला घामाशिवाय दुसरा मार्ग राहत नाही. इथे अकोल्याचा माणूस पटकन समजतो, कारण आमच्या खिडकीतला कूलर याच तत्त्वावर चालतो: कोरडी हवा पाणी पिऊन टाकते आणि गारवा देते. हाच कूलर मुंबईत लावला तर खोलीत नुसता दमटपणा होतो. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच नुसता टपकला तर काहीच नेत नाही. कॅलिफोर्नियाची हवा कोरडी, म्हणून तिथे 38 ला पळता तरी येतं. फक्त कूलरच्या टाकीत पाणी भरत राहावं लागतं, आणि टाकी छोटी असते.

तसं बघितलं तर उन्हाचे याहून मोठे शौकीनही जगात आहेत. डेथ व्हॅलीत, जिथे 1913 साली 56.7 अंशांची नोंद झाली त्याच परिसरात, ऐन जुलैत 217 किलोमीटरची बॅडवॉटर शर्यत होते. तिथले लोक रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून पळतात, कारण डांबरावर बुटांचे तळ जातात. पण ती डांबरी रस्त्यावरची, म्हणून डोंगरवाले तिला जरा खालच्या पंक्तीत बसवतात. सहारा वाळवंटातल्या मॅरेथॉन दे साब्लमध्ये 1994 साली मौरो प्रोस्पेरी नावाचा इटालियन पोलीस वाळूच्या वादळात वाट चुकला आणि मोरोक्कोतून निघालेला तो नऊ-दहा दिवसांनी अल्जीरियात सापडला. मधल्या काळात वटवाघळांचं रक्त पिऊन जगला. पुढे बरा होऊन तो काय करतो? परत जाऊन तीच शर्यत पळतो. हे मी ताईला सांगितलेलं नाही.

तर शनिवार पहाटे पाच वाजता ऑलिम्पिक व्हॅलीतून बंदुकीचा बार झाला. इथे 1960 चं हिवाळी ऑलिम्पिक झालं होतं. त्यामुळे सुरुवातीला चक्क थंडी, स्कीच्या उतारावरून वर चढायचं, आणि एमिग्रंट पासपाशी काही वर्षी जूनअखेरीलाही बर्फ असतं. बर्फ तुडवून बूट ओले करायचे आणि त्याच दुपारी त्याच बुटांत दऱ्यांमध्ये भाजून घ्यायचं, अशी सोय दुसरीकडे कुठे नसावी.

दऱ्यांमधली नावं ऐकूनच शहाणा माणूस परत फिरेल. ही सगळी 1850 च्या दशकातल्या सोन्याच्या खाणवाल्यांची वाट. आधी लास्ट चान्स, म्हणजे शेवटची संधी. मग डेडवुड कॅन्यनचा तळ. मग डेव्हिल्स थंब, सैतानाचा अंगठा. 36 वळणांचा उभा चढ, आणि तो नेमका दुपारच्या टोकाच्या उन्हात वाट्याला येतो. दरीत वारा नाही. पुढे आहेत त्यांचा धुरळा, मागे आहेत त्यांच्या उलट्यांचा आवाज. अंगठ्यावर चढून आल्यावर पुन्हा खाली, पुन्हा वर, मग मिशिगन ब्लफ. या गावात लेलंड स्टॅनफर्डचं किराणा दुकान होतं. पुढे त्यानं रेल्वे काढली, विद्यापीठ काढलं. त्याला वेळीच कळलं होतं की या डोंगरात सोनं शोधण्यापेक्षा शोधणाऱ्यांना फावडी विकावीत.

आम्ही त्या दऱ्या बघितल्या नाहीत. आमची नेमणूक फॉरेस्टहिलला होती. हे 62 व्या मैलावरचं गाव, म्हणजे बरोबर शंभर किलोमीटर. घरच्या माणसांच्या तुकडीला तिथे ‘क्रू’ म्हणतात. आमच्या क्रूत मी, भाची आणि जावयांचा एक तेलुगू मित्र. सामान: घडीच्या खुर्च्या, दोन बर्फाच्या पेट्या, मोज्यांचे जोड, व्हॅसलीन, जेलची पाकिटं, मिठाच्या गोळ्या, उकडलेले बटाटे, आणि माझ्या आग्रहाखातर लिंबू-साखर-मिठाचं सरबत. दुपारी दीड-दोनच्या सुमारास पहिला धावपटू आला. तो काय आला न काय गेला; आम्ही टाळ्या वाजवायला हात वर केले तोपर्यंत तो पार पलीकडे. नंतर आमचं काम म्हणजे खुर्चीत बसून थांबणं. या खेळात क्रू तासन्‌तास वाट बघतो आणि मिनिटभर धावपळ करतो. माझ्या प्रकृतीला हे मानवलं.

बसल्या बसल्या मी तिथली व्यवस्था बघितली, आणि तिचं मात्र कौतुक करावंच लागेल. पळणारे 369. त्यांच्यासाठी राबणारे स्वयंसेवक सुमारे 1500. म्हणजे एका पाहुण्यामागे चार वाढपी, शिवाय घरची माणसं वेगळी. हे प्रमाण आपल्याकडे लग्नातही निभत नाही. वाटेत वीसेक ठिकाणी खाण्यापिण्याचे तंबू. कलिंगडाच्या फोडी, मिठात बुडवून खायचे बटाटे, वेफर्स, सूप, कोला. आणि बर्फ. सगळी शर्यत बर्फावर चालते. टोपीत बर्फ, मनगटाला गुंडाळलेल्या पट्ट्यांत बर्फ, गळ्यात बांधायच्या रुमालाला कप्पा शिवलेला, त्यात बर्फ. कुणी पाठीत ओततं, कुणी थेट बनियनमध्ये. एक आजोबा स्वयंसेवक मोठ्या स्पंजानं येईल त्याच्या डोक्यावर गार पाणी पिळत होते. ते करताना त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मीही स्पंज मागून घेतला. दोन-चार अनोळखी अमेरिकनांना मी मनसोक्त भिजवलं. ते मला ‘थँक यू सर’ म्हणत होते. धुळवडीला आपल्याकडे कुणी असं म्हणत नाही.

तिथल्या गप्पांचा मुख्य विषय लघवीचा रंग. शेजारच्या तुकडीतली एक अत्यंत सभ्य बाई आपल्या नवऱ्याला, तो येताच, हवापाण्याच्या आधी तेच विचारती झाली. फिकट पिवळा म्हणजे ठीक. गर्द म्हणजे पाणी कमी. कोलासारखा म्हणजे स्नायू मोडून त्यांचा गाळ मूत्रपिंडात उतरतोय, तेव्हा खुर्ची आणि डॉक्टर. म्हणून दुखलं तरी आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, असं धावपटूंना बजावलेलं असतं. आधीच तहानलेल्या मूत्रपिंडावर त्यांचा आणखी भार पडतो.

आणि मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट: जास्त पाणी पिऊनही माणूस मरू शकतो. घामातून मीठ गेलेलं, वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते. अनेक वर्षं या शर्यतीत वाटेवर धावपटूंची वजनं करत. वजन फार घटलं तर थांबवत, आणि वाढलं तरी काळजी करत. शंभर किलोमीटर पळून वजन वाढलेला माणूस हा विनोद वाटतो. डॉक्टरांना तो वाटत नाही. उष्माघाताचंही तसंच. अंग चाळीसच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, की आधी जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करायचं, मग दवाखान्यात हलवायचं. आपल्याकडे अजून आधी रिक्षा शोधतात. एवढं वाक्य तरी वाचकांनी गंभीरपणे घ्यावं.

अंधार पडल्यावर जावई आले. आले म्हणजे आकृती आली. आत जावई आहेत हे बुटांवरून ओळखलं. ओठांवर मिठाचे पांढरे थर, गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “काही नको.” दिवसभराच्या उन्हात रक्त कातडीकडे आणि पायांकडे धावतं, पोटाकडे कुणी बघत नाही, मग पोट संप करतं. डेव्हिल्स थंबपासून त्यांना सूपही टिकलेलं नव्हतं. आता जावई घरी आलेत आणि काही नको म्हणताहेत, ही परिस्थिती आमच्या घराण्याला नवी नाही. मी खास ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, “असं कसं, थोडं तरी घ्या,” आणि सरबताचा पेला पुढे केला. त्यांनी घेतलं. दुसरा मागितला. त्यातलं मीठ-साखर आणि त्यांच्या महागड्या पाकिटातलं मीठ-साखर एकच होतं, पण पाकिटाला आग्रह करता येत नाही.

मग बूट काढले. त्यांच्या पायांचं वर्णन मी करत नाही, जेवताना वाचणारेही असतील. लग्नात आपण जावयाचे पाय धुतले होते ते चांदीच्या तबकात, सनईवर. इथे प्लास्टिकच्या बादलीत, डोक्याला बांधलेल्या टॉर्चच्या उजेडात, मी सांभाळून तळवे धुतले आणि तेलुगू मित्रानं सुईनं फोड फोडले. तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. अकोल्यात रविवारच्या सकाळचा चहा चालू होता. तिनं दृश्य बघितलं आणि विचारलं, “कोन्या हरामखोरानं मारलं हो त्याईले?”

फॉरेस्टहिलपासून पुढे धावपटूला एक सोबती नेता येतो. त्याला पेसर म्हणतात. ही जबाबदारी भाचीनं घेतली होती. नियम असा की पेसरनं फक्त सोबत पळायचं, वाट दाखवायची, धीर द्यायचा. धावपटूची पाण्याची बाटलीसुद्धा हातात घ्यायची नाही. घेतली तर बाद. नवऱ्याचं ओझं बायकोनं उचलायचं नाही असा लेखी नियम असलेली आणि तो मोडल्यास नवऱ्याला शिक्षा करणारी संस्था मी जगात ही एकच बघितली. भाची फार खुशीत निघाली.

पुढची रात्र त्यांची. 78 व्या मैलावर रकी चकीला अमेरिकन नदी ओलांडायची असते. पाणी कमरेपर्यंत, कधी त्याहून वर, आणि बर्फगार. नदीवर आडवा तारदोर बांधलेला असतो आणि स्वयंसेवक रबरी पोशाख घालून रात्रभर त्या पाण्यात उभे राहून एकेकाला पलीकडे लावतात. दिवसभर गारव्यासाठी तळमळलेल्या माणसाला इथे एवढा गारवा मिळतो की त्याचे दात वाजतात.

या शर्यतीत उन्हापेक्षा घाईनं जास्त माणसं मारली आहेत, हे मला तिथल्या जुन्या मंडळींच्या गोष्टी ऐकताना जाणवलं. जिम वॉल्म्सली हा अफाट वेगाचा मुलगा. 2016 साली तो विक्रमाच्या कितीतरी पुढे पळत होता, आणि शेवटच्या दहा मैलांत एका वळणावर सरळ निघून गेला. वाट चुकल्याचं कळेपर्यंत दीड-दोन मैल गेले होते. विसाव्या क्रमांकावर आला. पुढच्या वर्षी त्यानं पहिल्यापासूनच जीव काढला, पोट बिघडलं, आणि नदीपाशी संपला. 2018 ला जिंकला, आणि 2019 ला 14 तास 9 मिनिटांचा विक्रम केला. ऐन दुपारी चढावर चालायला शिकलेला माणूस तिथे मोठा मानतात. अ‍ॅन ट्रेसन चौदा वेळा जिंकल्या, त्या काही दर वेळी एकाच तडाख्यात नव्हे.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ब्रायन मॉरिसनची. 2006 साल, भाजणारं वर्ष. ऑबर्नच्या प्लेसर हायस्कूलच्या धावपट्टीवर तो पहिला पोचला. उरले होते तीनशे मीटर. तिथे तो कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. बरोबरच्यांनी धरून त्याला रेषेपलीकडे नेलं, आणि धरून नेलं म्हणून तो बाद झाला. 161 किलोमीटरमधले शेवटचे तीनशे मीटर! मॉरिसननं ती शर्यत पूर्ण केली ती दहा वर्षांनी. या बाबतीत मला हसता येत नाही.

रविवारी सकाळी दहा ते अकरा हा त्या मैदानावरचा सर्वांत गर्दीचा तास. पहिला आलेला माणूस आदल्या संध्याकाळी जेवूनसुद्धा झोपलेला असतो. लोक जमतात ते शेवटच्यांसाठी. अकरा वाजता तीस तास भरतात आणि दार बंद. 2015 साली गुनहिल्ड स्वॉन्सन नावाच्या सत्तर वर्षांच्या आजी मधे वाट चुकूनही मैदानात शिरल्या तेव्हा मिनिटं नाही, सेकंद उरले होते. त्या वर्षीचा विजेता रॉब क्रार पायांत साध्या रबरी चपला घालून त्यांच्या बाजूनं पळत होता. 29 तास 59 मिनिटं 54 सेकंद. सहा सेकंद हाताशी ठेवून आजींनी बकल घेतलं. पहिल्यापेक्षा शेवटच्याला जास्त टाळ्या मिळणारी स्पर्धा आपल्याकडे निघायला हवी. माझ्यासारख्या कितीकांची सोय होईल.

आमचे जावई त्याच तासात आले. चालणं, पळणं आणि लंगडणं यांच्या मधलं काहीतरी करत आले. भाची शेजारी, हात मोकळे. रेषा ओलांडून ते गवतावर आडवे झाले आणि तसेच झोपले. मी अकोल्याला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, पण ताई जागी होती.

“पोचले काय?”

“पोचले. आणि ताई, मागे लागलं होतं बरं का. घड्याळ.”

“मंग लवकर नाई का निघाव?” ताई म्हणाली आणि तिनं दिवा मालवला.

आता ज्या वाचकांना हे सगळं वाचून हुरूप आला असेल त्यांच्यासाठी माहिती. नुसती हौस असून भागत नाही. आधी ठरावीक शर्यतींपैकी किमान शंभर किलोमीटरची एखादी पूर्ण करायची, मग नोव्हेंबरात अर्ज, डिसेंबरात सोडत. जागा साडेतीनशेच्या वर थोड्या, अर्ज दहा हजारांच्या घरात. पहिल्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी. नाही लागली आणि पुन्हा पात्र ठरलात तर पुढच्या वर्षी दोन, मग चार, मग आठ. आठव्या वर्षी 128. उन्हात भाजून घेण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं रांगेत उभी आहेत, आणि आपल्याकडे तेच ऊन, त्याहून सात-आठ अंशांनी सरस, अंगणात फुकट पडलेलं असतं.

म्हणून अकोला, नागपूर, चंद्रपूर, वर्धा इथल्या तमाम घरमालकांना माझी विनंती आहे. ज्यांच्याकडे एक रिकामी खोली, एक माठ आणि दुपारी हाक मारली तरी न उठणारी माणसं असतील, त्यांनी एप्रिल-मेमध्ये दोन-दोन आठवड्यांसाठी परदेशी धावपटू ठेवून घ्यावेत. त्यांना सॉनाची फी वाचेल, आपल्याला डॉलर मिळतील. खायला उकडलेले बटाटे, प्यायला पन्हं, झोपायला गच्ची. पळायला पहाटे पाचला सोडावं आणि उजाडून कोवळं ऊन तापायच्या आत घरात घ्यावं. बाकी काम उंबऱ्यात बसूनही होतं. फक्त बारा वाजले की कडी लावून घ्यायची. कितीही विनवण्या केल्या, जाकीट घालून दारात उभे राहिले, तरी बाहेर सोडायचं नाही.